पिकअपचे टायर बदलताना: डांबरी रस्त्यासाठी एचटी की एटी?

मैलाचा दगड (धागाकर्ता)

माझ्या दुहेरी केबिनच्या पिकअपचे टायर बदलण्याची वेळ आली आहे. झिजेची मर्यादा दाखवण्यासाठी खाचांच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात, त्यांच्याशी पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी जवळजवळ समपातळीत आली आहे; मागच्या टायरांत अजून बरी खोली शिल्लक आहे. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, २६५/६५ आर १७ ११२ एस असे छापलेले आहे. गाडी फोर बाय फोर असली तरी चारही चाकांना इंजिनची ताकद जोडणाऱ्या लिव्हरला क्वचितच हात लागतो. वापर जवळजवळ सगळा डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवर, त्यातही बराचसा महामार्गावर आहे, आणि बहुतेक वेळा हौदा रिकामा असतो. अधूनमधून सामान भरून जावे लागते आणि कधीतरी प्रवासाचा शेवटचा पट्टा खडीचा किंवा मातीचा असतो. पाऊस असला तरी गाडी घरी राहत नाही.

मूळचे एचटी (मुख्यतः महामार्गासाठीचे) टायर पुन्हा घ्यावेत की एटी (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्यावेत, हा पहिला प्रश्न. दुकानदाराने २६५/७० हा किंचित उंच आकार सुचवला आहे, आणि एका परिचितांनी ‘पिकअपला दहा प्लायच घाला’ असे निक्षून सांगितले आहे. या दोन्ही सल्ल्यांत तथ्य किती, हा दुसरा. आणि मागचे टायर चालण्यासारखे असतील तर केवळ पुढचे दोन बदलून भागेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

हवापाणी

आपण वापराचे जे वर्णन केले आहे, त्यात उत्तर बरेचसे आलेलेच आहे. महामार्ग, पाऊस आणि रिकामा हौदा या तीन गोष्टी एकत्र आल्या की टायरची खरी परीक्षा ओल्या रस्त्यावर होते, चिखलात नव्हे.

एचटी टायरच्या नक्षीत परिघाभोवती सलग धावणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये पाणी वाहून नेणाऱ्या सरळ खाचा असतात आणि पट्ट्यांवर बारीक चिरा दाटीने पाडलेल्या असतात. या चिरांच्या कडा रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर कापतात. एटी टायरमध्ये सलग पट्टीऐवजी सुटे ठोकळे असतात, ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा अधिक असते, नक्षी अधिक खोल असते आणि रबराचे मिश्रण बहुधा दगडांनी चिरू नये अशा बेताचे केलेले असते. खोल आणि सुटा ठोकळा ब्रेक लावताना व वळताना अधिक वाकतो. त्यामुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा सैल वाटतो, टायर अधिक तापतो, आवाज वाढतो आणि इंधनही थोडे जास्त जाते. एमटी, म्हणजे चिखलासाठीच्या, टायरचा विचार आपल्या वापरात करण्याचे कारणच नाही. मोठे, कडक आणि कमी चिरा असलेले ठोकळे ओल्या गुळगुळीत डांबरावर थांबण्याच्या बाबतीत सर्वांत मागे राहतात.

आता रिकाम्या हौद्याविषयी. रिकाम्या पिकअपचे इंजिन, केबिन आणि माणसे सगळी पुढे असतात आणि मागच्या आसावर वजन थोडेच उरते. टायरवर वजन कमी असले की जमिनीला टेकणारा त्याचा ठसा आखूड आणि रुंद होतो, आणि असा ठसा पाणी बाजूला सारण्याच्या कामात कमी पडतो. विमानांच्या टायरांवर नासाने केलेल्या प्रयोगांतून १९६० च्या दशकात एक ठोकताळा पुढे आला होता: पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा ताशी वेग किलोमीटरमध्ये काढायचा असेल तर हवेच्या पीएसआयमधील (पौंड प्रति चौरस इंच) दाबाच्या वर्गमुळाला सुमारे १६.७ ने गुणावे. ३५ पीएसआयला हा वेग ताशी ९९ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २६ पीएसआयला ८५ च्या आसपास. पाण्याचा थर नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तेव्हाचा हा हिशेब आहे, म्हणजेच नक्षी जितकी झिजलेली तितक्या कमी पाण्यात तो लागू होतो. मोटारीच्या टायरला तो तंतोतंत लावू नये. ठसा रुंद आणि आखूड असेल तर तरंगण्याचा वेग याहूनही खाली येतो, आणि रिकाम्या पिकअपची मागची चाके नेमकी त्याच अवस्थेत असतात.

म्हणून माझे मत स्पष्टपणे एचटीच्या बाजूने आहे, आणि त्यातही ओल्या पकडीचा दर्जा पाहून निवडलेल्या एचटीच्या.

रानवाट

हवापाणी यांचे विवेचन योग्य आहे, परंतु एटी या एका नावाखाली आज फार भिन्न प्रकृतीचे टायर विकले जातात, हे लक्षात घ्यायला हवे. एका टोकाला ज्यांचे खांदे (नक्षीच्या दोन्ही बाजूंच्या कडा) एमटीसारखे दातेरी आहेत असे टायर आहेत, तर दुसऱ्या टोकाला मधल्या भागात जवळजवळ सलग पट्टी, भरपूर चिरा आणि केवळ खांद्यावर थोडे उघडे ठोकळे असलेले सौम्य एटी आहेत. हे सौम्य एटी रस्त्यावर एचटीच्या बरेच जवळ जातात. धागाकर्त्यांच्या प्रवासाचा शेवटचा पट्टा खडीचा असतो. टोकदार खडीवर एचटीच्या पट्ट्यांचे तुकडे उडतात, बारीक दगड सरळ खाचेत अडकून तळापर्यंत घुसतात, आणि तुलनेने पातळ साइडवॉलला काप जाण्याची शक्यता अधिक असते.

बर्फाविषयीही एक खुलासा करतो, कारण पुष्कळांची तेथे फसगत होते. एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) ही खूण केवळ नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतः देतो. तिच्यामागे बर्फावरची सक्तीची चाचणी नसते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण दाखवणारी खूण मात्र बर्फावरील पकडीची ठरलेली चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. जेथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो तेथे राहणाऱ्याने दुसरी खूण शोधावी. जेथे बर्फाचा संबंधच नाही, तेथे ती खूण नसल्याने काही अडत नाही.

त्रैराशिक

आकाराचा आणि प्लायचा मुद्दा अजून कोणी घेतलेला नाही. तो थोडा सविस्तर मांडतो, कारण या दोन्ही सल्ल्यांची किंमत आकडेमोडीतच कळते.

२६५/६५ आर १७ याचा अर्थ रुंदी २६५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर, आणि रिम १७ इंचांची म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. वरची आणि खालची साइडवॉल धरून एकूण व्यास ७७६ मिलिमीटर होतो. २६५/७० मध्ये साइडवॉल १८५.५ मिलिमीटर होते आणि व्यास ८०३ च्या घरात जातो. व्यासात ३.४ टक्के वाढ झाली, म्हणजे स्पीडोमीटर जेथे १०० चा वेग मोजत होता तेथे गाडी प्रत्यक्षात १०३ पेक्षा थोडी अधिक वेगाने जाईल. ओडोमीटर त्याच प्रमाणात कमी अंतर नोंदवेल, आणि मग इंधन जास्त खाल्ले जाते अशी जी तक्रार होते तिच्यातला काही भाग केवळ या कमी नोंदीचा असतो. गाडीची उंची किती वाढली? व्यासवाढीच्या निम्मी, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर. एवढ्यासाठी गिअरिंग जड करायचे, ब्रेकवरचा ताण वाढवायचा आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का हे तपासत बसायचे, हा सौदा रस्त्यावरच्या गाडीला परवडणारा नाही. दुकानात २६५/६५ शिल्लक नसेल, तर तो दुकानदाराचा प्रश्न आहे.

आता ११२ हा आकडा. हा भारनिर्देशांक आहे. ११२ म्हणजे एका टायरवर कमाल ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. पुढचे एस हे अक्षर ताशी १८० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते. टी असेल तर १९०, आर असेल तर १७०. बदली टायरचा भारनिर्देशांक मूळच्यापेक्षा कमी असता कामा नये, हा नियम बिनअपवाद समजावा. मागच्या आसाची मंजूर भारक्षमता गाडीच्या दारावरच्या माहितीपट्टीवर दिलेली असते. ती समजा १८५० किलो असेल, तर दोन टायर मिळून २२४० किलो पेलणारे ११२ चे टायर तिला पुरून उरतात. एक बारकावा मात्र आहे. आकाराच्या आधी पी हे अक्षर छापलेला टायर अमेरिकी प्रवासी पद्धतीचा असतो, आणि तो पिकअपला बसवताना त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी लागते. म्हणजे ११२० चे १०१८ किलो होतात.

‘दहा प्लाय’ हे तर जुन्या काळाचे उरलेले नाव आहे. टायरमध्ये सुती कापडाचे थर घालत असत तेव्हा थरांची संख्या हे बळाचे माप होते. आजच्या एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीच्या, टायरमध्ये ई ही भारश्रेणी त्या दहा थरांच्या बळाइतकी मानली जाते; प्रत्यक्षात साइडवॉलमध्ये पॉलिएस्टरचे दोन किंवा तीन थर असतात. सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा, आणि त्यांचे कमाल दाब अनुक्रमे ५०, ६५ आणि ८० पीएसआय. ई श्रेणीच्या एलटी टायरवर १२०/११७ असे दोन आकडे दिसले तर पहिला एकेरी चाकासाठी, म्हणजे १४०० किलो, आणि दुसरा जोडचाकासाठी, म्हणजे १२८५ किलो.

आकडा मोठा दिसतो, म्हणून टायर अधिक चांगला, असे येथे बहुतेकांना वाटते. परंतु ती क्षमता ८० पीएसआयला मिळते. तेवढेच वजन पेलण्यासाठी एलटी टायरला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला ३५ चा दाब मूळ प्रकारच्या टायरसाठी आहे. तो एलटी टायरमध्ये भरला आणि हौदा पूर्ण लादला, तर दणकट दिसणारा टायर प्रत्यक्षात कमी हवेवर चालत असतो. उलट जास्त हवा भरून हौदा रिकामा ठेवला तर मागची चाके प्रत्येक खड्ड्यावर उसळतात आणि नक्षी मधोमध झिजते. जड ओढगाडी जोडणाऱ्याने, रोज पूर्ण भार वाहणाऱ्याने किंवा खाणीच्या रस्त्यावर जाणाऱ्याने एलटी अवश्य घ्यावेत. आपल्या वर्णनात त्यातले काहीही नाही.

मैलाचा दगड (धागाकर्ता)

उंच आकाराचा विचार सोडून दिला आहे. दारावरची पट्टी पाहिली: पुढे ३३ आणि मागे ३५ पीएसआय लिहिले आहेत, आणि मागच्या आसाची क्षमता त्रैराशिक यांनी धरलेल्या आकड्याच्या जवळपासच आहे. टायरवर पी हे अक्षर नाही. गाडीत हवेच्या दाबाची सूचना देणारा दिवा आहे, त्यामुळे हवेची बाजू सुरक्षित आहे असे समजावे का?

त्रैराशिक

त्या दिव्यावर विसंबू नये. अमेरिकेच्या नियमानुसार तो दिवा पट्टीवरच्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागला पाहिजे. तेवढ्यावरच काटेकोर राहणाऱ्या गाडीत ३५ चा दाब सुमारे २६ पर्यंत उतरेपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. २६ ला काय होते ते हवापाणी यांनी वर दिलेच आहे. शिवाय कोणी एलटी टायर घालून दाब ४५ वर नेला आणि दिव्याची नोंद तशीच ठेवली, तरी दिवा पूर्वीच्याच २६ ची वाट पाहत बसेल.

हा दिवा सक्तीचा होण्यामागचा इतिहासही येथे संबद्ध आहे. २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यांपैकी बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर बसलेले होते. या टायरांची नक्षी उष्णतेत आणि वेगात आतल्या पोलादी पट्ट्यासकट सुटून येत असे. टायरच्या रचनेतले आणि निर्मितीतले दोष हे त्याचे मुख्य कारण मानले गेले, परंतु फोर्डने त्या गाडीसाठी सुचवलेला २६ पीएसआयचा कमी दाबही वादाच्या केंद्रस्थानी होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यातून पुढे दाबाची सूचना देणारी यंत्रणा हलक्या वाहनांना बंधनकारक झाली. कमी हवा, जास्त भार आणि तापलेला रस्ता हे त्रिकूट एकत्र आले की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याची उष्णता साठत जाते आणि पोलादी पट्ट्यांमधला रबराचा जोड सुटू लागतो.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, त्यामुळे ऋतू बदलला की पंक्चर नसतानाही हवा कमी भरते.

रानवाट

नायट्रोजन भरला तर हा त्रास टळतो, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात.

त्रैराशिक

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापमानाबरोबर दाब बदलण्याचा नियम दोन्हींना सारखाच लागू होतो. पैसे वाचवून चांगला दाबमापक घ्यावा.

पान्हा

टायर बसवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून दोनच टायर बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

पुढचे झिजले म्हणून नवे दोन पुढे टाकावेत, असे सर्वांनाच वाटते, आणि तीच व्यवस्था पिकअपला सर्वांत घातक आहे. नवे दोनच घेतले तर ते मागे बसवावेत आणि मागचे बरे टायर पुढे आणावेत, असे टायर उत्पादकही सांगतात. पुढची चाके पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाते. चालक घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो आणि पकड परत येते. मागची घसरली तर गाडीचे ढुंगण बाजूला फिरते, आणि ते आवरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते. रिकाम्या पिकअपची मागची बाजू आधीच हलकी, तीत गुळगुळीत टायर म्हणजे आगीत तेल.

आपली गाडी फोर बाय फोर असल्याने मी चारही टायर बदलण्याचाच सल्ला देईन. मधला डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या आसाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसलेल्या फोर बाय फोरमध्ये लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरायला बांधले जातात. एका जोडीच्या नक्षीची खोली दुसरीपेक्षा पाच मिलिमीटरने कमी असेल तर परिघात एक टक्क्याहून जास्त फरक पडतो, आणि तो फरक टायर जमिनीवर घासूनच भरून निघतो. मातीवर ते निभते. पकड चांगली असेल तर सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. अर्थात कोरड्या डांबरावर अशा गाडीचा तो लिव्हर टाकूच नये, चारही टायर नवे असले तरीही.

नवे टायर टाकण्याआधी जुन्यांची झीज नीट वाचावी. दोन्ही खांदे झिजले असतील तर हवा कमी राहिली, मधला भाग झिजला असेल तर जास्त राहिली. एकच खांदा झिजला असेल तर चाकाचा कल बिघडला आहे. नक्षीवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांच्या आत-बाहेर वळण्यात चूक आहे. ठोकळे चढउतार झिजले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत. कारण शोधल्याशिवाय नवे टायर चढवले तर तेही त्याच वाटेने जातात. पुढचे आणि मागचे यांच्या झिजेत एवढा फरक पडला, याचा अर्थ रोटेशन वेळेवर झालेले नाही. ८,००० ते १०,००० किलोमीटरला मागची चाके सरळ पुढे आणावीत आणि पुढची तिरकी मागे न्यावीत. टायरला फिरण्याची दिशा ठरवून दिलेली असेल तर मात्र बाजू बदलता येत नाही.

खरेदी करताना साइडवॉलवरच्या डॉट या अक्षरांनंतरच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ते अंक कधीकधी एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असते, म्हणून रिमवर चढण्याआधीच पाहणे सोपे. टायर वापरलेला नसला तरी रबर जुने होतच असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी निवृत्ती, असे बरेच उत्पादक सांगतात. काही वाहन कंपन्या तर सहा वर्षांचीच मर्यादा देतात.

मैलाचा दगड (धागाकर्ता)

हात फिरवून पाहिला. पुढच्या दोन्ही टायरांचे बाहेरचे खांदे जास्त झिजले आहेत आणि करवतीसारखे दाते स्पष्ट लागतात, त्यामुळे अलाइनमेंट आधी करून घेतो. चारही टायर बदलण्याचे ठरवले आहे. दोन एचटी आणि एक सौम्य एटी असे तीन पर्याय समोर आहेत. ओल्या पकडीचा दर्जा नेमका कोठे पाहावा?

हवापाणी

युरोपच्या लेबलवर तो थेट दिलेला असतो. १ मे २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर इंधनक्षमता आणि ओली पकड यांना ए ते ई अशा श्रेणी आहेत, आवाजाचा डेसिबलमधला आकडा आहे, आणि लागू असल्यास बर्फाची खूणही आहे. अमेरिकी पद्धतीत झीज, पकड आणि उष्णता असे तीन दर्जे साइडवॉलवर छापलेले असतात. त्यांतली पकडीची एए, ए, बी, सी ही श्रेणी ओल्या पृष्ठभागावर सरळ ब्रेक लावण्याची आहे, वळणावरच्या पकडीविषयी ती काही सांगत नाही. झिजेचा आकडा उत्पादक स्वतः नेमतो, म्हणून एकाच उत्पादकाच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन उत्पादकांची करायला फारसा नाही. एलटी टायरांना हे तीनही दर्जे लागू नाहीत, त्यामुळे त्यांवर ते शोधत बसू नये.

तिन्ही पर्यायांत ओल्या पकडीची श्रेणी सारखी असेल तर सौम्य एटी घ्यायला माझी हरकत नाही, हे रानवाट यांच्यासाठी नमूद करतो. एक श्रेणी खाली असेल, तर मात्र कधीमधी येणाऱ्या खडीसाठी रोजचे ब्रेक मी देणार नाही.

रानवाट

हा निकष मलाही मान्य आहे. फक्त खडीवर जाताना वेग उतरवावा. एचटी टायर खडीला घाबरत नाही, तो खडीवरच्या वेगाला घाबरतो. काप खांद्यावर किंवा साइडवॉलवर गेला तर त्याची दुरुस्ती होत नाही. नक्षीच्या मधल्या भागातले सहा मिलिमीटरपर्यंतचे भोक तेवढे आतून ठिगळ आणि बूच एकत्र लावून नीट बुजवता येते.

मैलाचा दगड (धागाकर्ता)

लेबले तपासली. दोन एचटींपैकी एकाला ओल्या पकडीत बी आहे, दुसऱ्याला आणि सौम्य एटीला सी आहे. पहिला एचटी घेत आहे: २६५/६५ आर १७, ११२ टी, चारही. स्टेपनी मूळचीच आहे आणि ती कधी जमिनीला लागलेली नाही. तिचे काय करावे?

पान्हा

तिच्यावरचेही चार अंक वाचा. ती गाडीइतकीच जुनी असणार, आणि हौद्याखाली टांगलेली स्टेपनी धूळ, पाणी आणि सायलेन्सरची धग खात असते. वय मर्यादेत असेल आणि साइडवॉलला भेगा नसतील तर तात्पुरत्या वापराला ठेवावी. मर्यादा ओलांडली असेल, तर आता उतरणाऱ्या मागच्या दोनांपैकी जो कमी झिजलेला असेल त्याचे वय पाहून तो तिच्या रिमवर चढवता येईल. परंतु चाकांवरचा सध्याचा सेट गाडीसोबतच आलेला असेल तर दोन्ही सारखेच जुने निघतील, आणि मग पाचवा टायर नवा घेणेच बरे. जुन्या टायरची स्टेपनी लावलेली असेल तोवर फोर बाय फोरचा लिव्हर टाकू नये. तिच्यात हवा किती आहे तेही मोजावे, कारण त्या चाकाला दाबाचा सेन्सर बहुधा नसतो.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवे टाकून घ्यावेत आणि सेन्सर असलेल्या व्हॉल्व्हची सील बदलून घ्यावीत. नट हातपान्ह्याने टॉर्क (आवळण्याचा जोर) मोजून आवळायला सांगावे. यांत्रिक बंदुकीने आवळलेले नट वाटेत पंक्चर झाल्यावर सुटत नाहीत. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की टॉर्क पुन्हा तपासावा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश नव्या नक्षीवर राहतो, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर, विशेषतः पावसात, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे.